लायब्ररीच्या पुस्तकात आपलं बहुमोल मत कसं नोंदवावं

परवा लायब्ररीतून 'गॉन गर्ल' आणलं. हो हो, माहितीये, गिलियन फ्लिनचं हे पुस्तक २०१२ सालचं, २०१४ मधे डेव्हिड फिंचरचा सिनेमाही येऊन गेला, सगळ्या जगाचं बघून झालं आणि मी आत्ता कुठे. पण इतकी वर्षं मी ते नीट सांभाळलं होतं हो. ऑफिसात कुणी त्या सिनेमाचा विषय काढला की मी बाटली भरायला उठायचे. तर रविवार दुपार, घरात कोणी नाही, पंखा फुल, पुस्तक उघडलं आणि बघते तर माझ्या आधीच्या कुणा रसिकाने त्यात स्वतःचं मत लिहून ठेवलंय. आतच. ओळींच्या शेजारी.

रागवायचं नाही असं ठरवलंय. उलट म्हटलं, एवढं कसब लोकांपर्यंत पोचायला हवं. तुम्हीही कधी नवरा-बायकोच्या भानगडीचा एखादा डोमेस्टिक थ्रिलर लायब्ररीतून आणाल तेव्हा पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

पेन्सिल वापरू नका. ती खोडता येते.

बॉलपेन घ्या, निळा, आणि असा दाबून लिहा की मागच्या पानावर उलटी अक्षरं उठली पाहिजेत. म्हणजे एका मतात दोन पानं उरकतात.

आता जागा. इथे नवशिके चुकतात. ते शेवटच्या कोऱ्या पानावर 'छान आहे, एकदा वाचावे' असलं काहीतरी मिळमिळीत लिहितात. अहो, तिथपर्यंत माणूस पोचला म्हणजे त्याचं वाचून झालेलं असतं, मग तुमचा उपयोग काय? तुम्हाला सुरुवातीलाच घुसायचंय. हे पुस्तकच बघा. एक प्रकरण नवरा निक बोलतो, पुढचं बायको एमीची डायरी. निक न्यूयॉर्कला मासिकात लिहायचा, नोकरी गेली, आई आजारी म्हणून बायकोला घेऊन मिसुरीत मिसिसिपीकाठच्या आपल्या गावी आला, बायकोच्याच पैशातून जुळ्या बहिणीबरोबर बार काढला, आणि लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी बायको गायब, हॉलमधे सगळी उलथापालथ. तो पोलिसांशी खोटं बोलतो आणि वर आपल्याला सांगतो की हे माझं कितवं खोटं. तिकडे डायरी २००५ पासून सुरू, दोघं नुकतीच भेटलीयत, सगळं गुलाबी. आणि आपण मधे बसून याच्यावर विश्वास ठेवू की तिच्यावर करत पानं उलटतोय. जवळजवळ अर्धं पुस्तक त्या फ्लिनबाईने आपल्याला असं टांगून ठेवलंय, एकेक वाक्य मोजून टाकलंय, कुठे काय लपवायचं आणि कुठे मुद्दाम दिसू द्यायचं याचा हिशोब केलाय. तर तुम्ही काय करायचं? डायरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या प्रकरणातच एका साध्या भोळ्या वाक्याला बाण काढायचा आणि मार्जिनमधे चार शब्दांत सगळा निकाल लावून टाकायचा. चार शब्द! पुढे तीन उद्गारचिन्हं. खाली दोन रेघा. ते चार शब्द मी इथे लिहिणार नाही, कारण मला लाज आहे. आणि गंमत अशी की त्याच्याखाली हिरव्या पेनाने दुसऱ्या कुणीतरी 'अगदी बरोबर' म्हणून पाठ थोपटलीये, आणि तिसऱ्याने पेन्सिलीने त्या निळ्यावाल्याची वेलांटी सुधारलीये. म्हणजे तीन-तीन माणसं त्या पानावर बसून गेली, एकाला ऱ्हस्व-दीर्घ खटकलं, पण एकालाही असं वाटलं नाही की अरे हे झाकूया, यावर एखादी पांढरी पट्टी चिकटवूया, पुढे कुणीतरी वाचणार आहे.

असो. शांत.

'मी हे आधीच ओळखलं होतं' हे लिहायला विसरू नका. तारखेसह.

पात्रांना चारित्र्याचे दाखले द्या. आमच्या निळ्या पेनने दिलेत: नवरा 'नालायक', बायको 'अति शहाणी', सासू-सासऱ्यांना 'लेकीला डोक्यावर चढवून ठेवलंय'. आणि एका ठिकाणी 'आपल्याकडे असं होत नाही.' होत नाही, बरोबर. आपल्याकडे नोकरी गेली की नवरा त्याच संध्याकाळी बायकोसमोर बसून मन मोकळं करतो आणि बायकाही मनातलं सगळं डायरीत न लिहिता तोंडावर सांगतात. अहो, या पुस्तकातली कीड कुठून लागली ते वाचलंत का? आई आजारी, आपण गावी जातोय, हे त्याने परस्पर ठरवलं, तिला विचारलं नाही. एवढंच. मिसुरीत घडलं म्हणून त्याचा थ्रिलर झाला, सांगलीत घडलं असतं तर लोक म्हणाले असते, मुलगा आईवेडा आहे हो, सूनही गुणी निघाली.

मार्क द्या. '५ पैकी २, एकही चांगले पात्र नाही.' बाजूला सही असली तर उत्तम.

तक्रार करणाऱ्यांची काळजी नको. मी काउंटरवर पुस्तक उघडून दाखवलं तर तिथल्या काकांनी चष्मा वर करून ते चार शब्द आधी स्वतः वाचले, मग म्हणाले, "मॅडम, पान फाटलं तर दंड आहे. लिहिलंय म्हणजे लोकं वाचतायत, चांगलंय ना." मग मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी काय लिहिलंय म्हणून विचारलं आणि काकांनी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. आता रांगेतल्या कुणालाच हे पुस्तक वाचायची गरज राहिली नाही.

काका लोक सांगतात, पूर्वी भाड्याच्या लायब्रऱ्यांमधे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचं शेवटचं पान फाटलेलं असायचं. तेच बरं होतं म्हणायची वेळ आलीये. खुनी कोण ते कळायचं नाही, पण निदान तोवरची मजा तरी पुरी मिळायची. लंडनला अगाथा क्रिस्टीचं 'द माउसट्रॅप' १९५२ साली लागलं ते आजही लागतंय, आणि नाटक संपल्यावर नट प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. नाटक सत्तरी ओलांडून गेलं तरी विनंती चालूच आहे. तिथे आमचा निळा पेन गेला तर इंटरव्हलला बाहेरच्या पोस्टरवरच नाव लिहून येईल.

छे, बास झालं हे सल्ले-बिल्ले.

तू जो कोण आहेस ना, निळा पेनवाला किंवा वाली, ऐक. तुला तो धक्का बसला ना? अर्ध्यावर पुस्तक मिटून दोन मिनिटं भिंतीकडे बघत बसलास ना? मग तो तुला मिळाला कसा? तुझ्या हातात कोरं पुस्तक आलं म्हणून. तुझ्या आधी ज्यांनी नेलं त्यांनी गपगुमान वाचलं, परत केलं, तुझ्यासाठी सोडलं. आणि तू काय केलंस? सगळं स्वतः गिळलंस आणि पुढच्यांच्या ताटात थुंकून ठेवलंस. हे मत नाही, हा माज आहे. मी शहाणा, मला कळलं, हे सांगायला तुला घरात कोणी ऐकणारं नाही त्याला मी काय करू? बायकोला सांग, नवऱ्याला सांग, ज्याने वाचलंय अशा कुणालातरी गाठ आणि तासभर बोल, मीही बोलले असते, आनंदाने बोलले असते, पण वाचून झाल्यावर! आणि लिहायचीच खाज असेल तर पुस्तक विकत घे आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत रंगव. लायब्ररीत डिपॉझिट भरलं म्हणून पुस्तक तुझ्या मालकीचं होत नाही. आणि हिरव्या पेन, तू तर काही बोलूच नकोस.