चुंबकाला चिकटले नाही म्हणून नाणे अस्सल?

नाण्यांच्या पारखीविषयी एक संदेश सर्रास फिरतो. चुंबकाला चिकटणारे नाणे नकली, न चिकटणारे चांदीचे. शंका उरलीच तर कडेला कानस मारून आम्लाचा थेंब टाकावा. आणि अमेरिकेचा 1943 चा तांब्याच्या रंगाचा सेंट चिकटला नाही, तर घबाडच हाती लागले, असे त्यात म्हटले आहे.

पहिले विधान 1947 च्या रुपयापुढेच टिकत नाही. तो निकेलचा असल्याने अस्सल रुपयाच चिकटतो. ब्रिटनमध्ये 1992 पासून पेनीचे नाणे तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचे निघते, म्हणजे मुलामाही टांकसाळीतलाच असू शकतो.

दुसरे विधान अधिक फसवे आहे, कारण तांबे, पितळ, शिसे आणि जस्त यांपैकी काहीच चुंबकाला चिकटत नाही. तेथे घनता कामी येते. पाण्याचे भांडे वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेले नाणे तळाला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवावे. काटा जितके ग्रॅम दाखवील, तितके घनसेंटीमीटर त्याचे आकारमान. 11.66 ग्रॅमच्या जुन्या चांदीच्या रुपयाला हा आकडा 1.13 च्या आसपास येतो, तर तितक्याच वजनाच्या, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याला 1.30 च्या जवळ. शिशाच्या मिश्रधातूने मात्र हीही परीक्षा चुकवता येते, म्हणून झिजलेले उंचवटे आणि कड भिंगाखाली पाहावी. मुलामा आधी तेथेच उडतो.

कानस आणि आम्लाविषयी एवढेच, की नाणे अस्सल निघाले तरी त्याची संग्राह्य किंमत त्या परीक्षेतच बुडते.

आता तो सेंट. युद्धासाठी तांबे वाचवायचे म्हणून 1943 चे सेंट जस्ताचा थर दिलेल्या पोलादावर पाडले गेले आणि मोजकेच चुकून कांस्याच्या चकत्यांवर उमटले. पोलादी सेंटवर तांबे चढवलेली लबाडी चुंबक पकडते, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. परंतु 1948 च्या सेंटमधील आठाचा डावा भाग तासून त्याचा तीन केलेला असेल, तर धातू खरा, 3.11 ग्रॅम वजन खरे आणि चुंबकही गप्प. अशा वेळी भिंगातून तीनच्या आकड्याची शेपटी पाहावी: मूळ नाण्यात ती इतर अंकांच्या खाली लांब उतरते, तासलेल्या आठाला मात्र ती लांबी मिळत नाही आणि शेजारी हत्याराचे ओरखडे राहतात.