पहिल्याच तासाला पुस्तक हाती का द्यावे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सुट्टीनंतर प्राथमिक वर्गांतील मुले शाळेच्या ग्रंथालयात परततात, तेव्हा पहिल्याच तासाच्या शेवटी प्रत्येकाच्या हाती घरी नेण्यासाठी एक पुस्तक असावे, असे मी लिहिले होते. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत: नियम समजावण्याआधी देवघेव सुरू केली तर कपाटे विस्कटतात; मागील वर्षीचे पुस्तक परत न करणाऱ्याला नवे पुस्तक देणे हा वेळेवर परत करणाऱ्यांवर अन्याय आहे; आणि एकट्या ग्रंथपालाला हे सारे एका तासात जमणारे नाही.

कपाटे विस्कटतात हे खरेच आहे, आणि चुकीच्या जागी गेलेले पुस्तक हरवलेल्या पुस्तकाइतकेच दुरावते, कारण नोंदीत ते असते आणि शोधणाऱ्याला मात्र सापडत नाही. परंतु यावरचा उपाय दोन आठवडे नियम ऐकवणे हा आहे, असे मला वाटत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हाती पुठ्ठ्याची एक लांब पट्टी द्यावी आणि पुस्तक काढण्यापूर्वी ती त्या जागी सरकवून ठेवायला सांगावे. पुस्तक आवडले नाही तर पट्टी दिसते तेथेच ते परत जाते. जागा विसरलेल्यांनी पुस्तक कपाटात न कोंबता टेबलावर ठेवावे, एवढे सांगितले की पुरते. वर्गीकरणाचेही तसेच आहे. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेली, पुस्तकांना विषयानुसार आकडे देऊन लावण्याची दशांश पद्धत आपण पहिल्याच दिवशी शिकवावी म्हणता. पण ज्या मुलाने दशांश चिन्हच अजून शिकलेले नाही, त्याला ५६७.९ हा आकडा काय सांगणार? मात्र डायनोसॉरची पुस्तके हवी म्हणून तो त्या कपाटाशी दोनदा गेला, की तोच आकडा त्याच्या तोंडी बसतो. शिवाय या पद्धतीत लोककथा साहित्याच्या विभागात, म्हणजे ८०० मध्ये, नसून समाजशास्त्रांच्या विभागात, ३९८.२ खाली येतात. तेथे मुलाला बोट धरूनच न्यावे लागते.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्यात आपले काही अंशी बरोबर आहे. मागील थकीत पुस्तके ‘विसरून जावीत’ असे मी लिहिले होते, ते चुकले. त्या पुस्तकाची वाट पाहत असलेले दुसरे मूल माझ्या नजरेतून निसटले होते. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ हे सूत्र त्या मुलालाही लागू होते. तरीही थकबाकीदारांची नावे वर्गासमोर वाचून त्यांना रिकाम्या हाती बसवणे मला मान्य नाही. एवढ्या लहान वयात पुस्तक परत येणे पुष्कळदा मुलाच्या हाती नसते. घर बदलते, पुस्तक धाकट्या भावंडाच्या हाती पडते, कधी ते फाटते आणि मूल भीतीपोटी ते दडवून ठेवते. अशा मुलाला पहिल्याच दिवशी अडवले, तर ते पुस्तक परत आणण्याऐवजी ग्रंथालयात येणेच टाळू लागते, आणि मग जुने पुस्तकही कायमचेच जाते. म्हणून नोंद कायम ठेवावी, पालकांना चिठ्ठी पाठवावी, मुलाशी बाजूला घेऊन बोलावे, आणि इतरांना दोन पुस्तके मिळत असतील तर त्याला एक द्यावे.

वेळेची अडचण पूर्वतयारीने बरीच कमी होते. चाळीस मुलांच्या वर्गासाठी साठ-सत्तर पुस्तके मुखपृष्ठ दिसेल अशी आधीच टेबलांवर मांडावीत. वर्गशिक्षकांनी अर्ध्या मुलांना गोष्ट वाचून दाखवावी, तेवढ्यात उरलेल्यांनी निवड करावी, मग गट बदलावेत. वर्गशिक्षक मुलांना दारात सोडून निघून जाणार असतील, तर मात्र आपले म्हणणे खरे ठरते. तेव्हा त्यांची उपस्थिती ही अटच मानायला हवी, आणि ती मी मूळ लेखात नोंदवायला हवी होती.

ती अट मी आता तेथे घातली आहे, आणि ‘विसरून जावीत’ हे शब्द काढून ‘नोंद ठेवावी, पण मुलाला अडवू नये’ असे केले आहे.