चार्ली नाही, तरी स्टोन्सच

ब्रिटिश रॉक बँड रोलिंग स्टोन्सच्या 'हॅकनी डायमंड्स' या अल्बमबद्दल एक मत रॉक ऐकणाऱ्यांमध्ये घट्ट बसलंय. अठरा वर्षं हे लोक नुसते बसून होते, ड्रमर चार्ली वॉट्स गेला तेव्हाच बँड संपला, आणि ऑक्टोबर २०२३मध्ये आलेला हा अल्बम एका तरुण प्रोड्यूसरने बड्या पाहुण्यांना गोळा करून उभा केला. मला यातलं जवळजवळ काहीच पटत नाही.

अठरा वर्षांचं आधी संपवतो. २००५च्या 'अ बिगर बँग'नंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा हा पहिला अल्बम, एवढंच खरं. मध्ये २०१६ला 'ब्लू अँड लोन्सम' येऊन गेला. सगळी जुनी ब्लूज गाणी, तीन दिवसांत वाजवून काढलेली. त्यातला गायक मिक जॅगरचा माउथ ऑर्गन ऐका. हात बसलेला असल्याशिवाय असं वाजत नाही.

चार्लीचा मुद्दा मात्र मी हलक्यात घेत नाही. २४ ऑगस्ट २०२१ला तो गेला, त्याची हळहळ अजून आहे. स्नेअर ड्रमवर ठोका देताना तो हाय-हॅटच्या झांजांवरचा उजवा हात उचलून घ्यायचा. त्या निमिषभराच्या रिकाम्या जागेमुळे ठोका कसा सुटा, मोकळा पडायचा! त्याच्या जागी आलेला स्टीव्ह जॉर्डन जास्त वजनाने, थेट वाजवतो. ती जागा त्याच्याकडे नाही. मान्य. पण म्हणून हे स्टोन्सच नाहीत? १९६९चं 'यू कान्ट ऑलवेज गेट व्हॉट यू वॉन्ट' काढा. त्यावर चार्ली नाही. त्याला ती लय हवी तशी सापडेना, म्हणून प्रोड्यूसर जिमी मिलर स्वतः ड्रम्सवर बसला. ते गाणं स्टोन्सचं नाही असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. शिवाय जॉर्डन काही आयत्या वेळी धरून आणलेला नाही. बँडचा गिटारिस्ट कीथ रिचर्ड्सच्या १९८८च्या एकल अल्बमपासून तो त्याच्यासोबत आहे, आणि आपल्या जागी त्याचं नाव चार्लीनेच सुचवलं होतं. नव्या अल्बमातल्या दोन गाण्यांवर तर चार्ली स्वतः आहे, २०१९च्या रेकॉर्डिंगमधून. त्यातल्या 'लिव्ह बाय द सोर्ड'वर बेसला चक्क बँडचा जुना बेसिस्ट बिल वायमन!

राहिले पाहुणे. पॉल मॅकार्टनी, एल्टन जॉन, स्टीव्ही वंडर, लेडी गागा अशी नावं आहेत खरी. पण स्टोन्सकडे पाहुणे कधी नव्हते? १९६९मध्ये 'गिमी शेल्टर'साठी मेरी क्लेटनला मध्यरात्री बोलावून घेतलं होतं. वरच्या पट्टीत तिचा आवाज फाटतो, आणि त्या फाटण्यावरच गाणं उभं आहे. १९८१च्या 'टॅटू यू'वर सॅक्सोफोन सॉनी रॉलिन्सचा. साथीला कोण बसलंय यावरून मैफल मुख्य गवयाच्या हातून जात नाही.

प्रोड्यूसर अँड्र्यू वॉटबद्दलची तक्रार थोडी खरी आहे. 'अँग्री'सारख्या गाण्यावर त्याने फार पॉलिश चढवलंय, जॅगरचा आवाज नको इतका गुळगुळीत लागतो. पण 'टॅटू यू'नंतर यांचं काही खरं नाही म्हणणाऱ्यांनी तो अल्बम कसा झाला ते आठवावं. मागच्या सेशन्समधल्या पडून राहिलेल्या टेप्स साउंड इंजिनिअर ख्रिस किम्झीने उकरून काढल्या आणि जुळवल्या. ते चालतं, तर हे का नाही?

आणि हा अल्बम पाहुण्यांचा वाटतो त्यांनी शेवटचं गाणं ऐकावं. अमेरिकन ब्लूज गायक मडी वॉटर्सचं १९५०चं 'रोलिन स्टोन' हे गाणं, ज्यावरून १९६२मध्ये बँडचं नाव ठेवलं गेलं. इथे ड्रम्स नाहीत, बेस नाही, पाहुणा कुणी नाही. कीथची गिटार, मिकचा आवाज आणि माउथ ऑर्गन. १९६१मध्ये डार्टफर्ड स्टेशनवर हे दोघे भेटले, तेव्हा मिकच्या काखेत मडी वॉटर्सचीच रेकॉर्ड होती.