सहा हजार पौंडांची करसवलत

डिसेंबर लागला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, “बिझनेसच्या नावावर गाडी घ्यायचीय, सहा हजारांच्या वरची कुठली बरी?” सहा हजार डॉलर नव्हेत, पौंड!

धंद्यासाठी घेतलेल्या साध्या मोटारीचा घसारा पहिल्या वर्षी 20,000 डॉलरच्या आसपासच दाखवता येतो. मालासकट कमाल वजन 6,000 पौंडांच्या, म्हणजे साधारण 2,700 किलोंच्या वर असलं की ही मर्यादा गळून पडते. त्यात 2025 च्या कायद्याने 100 टक्के बोनस डेप्रिसिएशन, म्हणजे पहिल्याच वर्षी अख्खी किंमत घसारा म्हणून वजा करायची मुभा, परत आणलंय. 90,000 डॉलरची एस्कलेड ही धिप्पाड एसयूव्ही घ्या, पूर्ण वापर धंद्यासाठी दाखवा. 35 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर पहिल्याच वर्षी 31,500 डॉलर कर कमी. स्वतःच्या कॅम्रीतून घरोघरी पेशंट बघायला जाणाऱ्या थेरपिस्टने मात्र वर्षानुवर्षं हप्त्याहप्त्याने वजावट घ्यायची.

मर्यादा 1984 ची. आलिशान गाड्या करदात्यांच्या जिवावर उडवू नयेत म्हणून आणलेली. शेतकऱ्याचा, कॉन्ट्रॅक्टरचा ट्रक त्यात भरडला जाऊ नये म्हणून वजनाची अट. तेव्हा ती रास्तच होती. पुढे एसयूव्हीच ट्रकएवढ्या झाल्या. 2003 मध्ये सेक्शन 179 ची, म्हणजे धंद्याच्या सामानाची किंमत घेतल्या वर्षीच वजा करू देणाऱ्या कलमाची, वजावट 25,000 वरून 1,00,000 डॉलरवर नेली आणि हमर एच2 घेणाऱ्यांची चंगळ झाली. ही गाडी इतकी अवजड, की तिचं मायलेज जाहीर करायचं बंधनही कंपनीवर नव्हतं! बोभाटा झाल्यावर 2004 मध्ये एसयूव्हींना पुन्हा 25,000 ची मर्यादा घातली, पण उरलेली किंमत आता बोनस डेप्रिसिएशनमधून वसूल होते.

छप्पर घालणाऱ्याच्या ट्रकला सवलत मिळाली तर माझी काहीच तक्रार नाही. पण दात काढायला अडीच टनांची गाडी कशाला लागते? (आणि डॉक्टरसाहेब, 31,500 वाचवायला उरलेले 58,500 खिशातूनच जातात. उद्या गाडी विकली की विक्रीतून आलेल्या रकमेवर कर भरायचाच आहे. हे सेल्समन सांगत नाही.)

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. याच 2025 च्या कायद्याने इलेक्ट्रिक गाडीवरची 7,500 डॉलरची सवलत 30 सप्टेंबर 2025 ला बंद केली. तिजोरीत पैसे नाहीत म्हणे.

वजनाऐवजी गाडीचं काम बघा. तसा निकष कायद्यात आहेच: किमान सहा फुटी उघड्या हौद्याच्या पिकअपला 2004 ची मर्यादा लागत नाही. तोच बोनस डेप्रिसिएशनलाही लावा.