बारा पंचमांचा हिशेब आणि एक फॉरवर्ड

पंचवटीतल्या आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच मेसेज आला : ‘निसर्गाचा शुद्ध पंचम बारा वेळा चढत गेलं की नेमका षड्ज येतो. इंग्रजांनी मुद्दाम सूर बिघडवून हार्मोनियम आपल्या माथी मारली. आपल्या २२ श्रुती मात्र अगदी समान अंतराच्या.’ खाली जोडलेले हात. मी मंडळात पेटी वाजवतो, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी तो ‘नेमका षड्ज’. लिहिणाऱ्याने गुणाकार केलेलाच नाही. शुद्ध पंचम म्हणजे सा च्या कंपनसंख्येच्या दीडपट (षड्ज म्हणजेच सा). एकाला दीडने बारा वेळा गुणा, १२९.७५ येतात. सात सप्तकं वरचा सा म्हणजे सात वेळा दुप्पट, १२८. हे कधीच जुळणार नाही, कारण तीनाचा घात कायम विषम आणि दोनाचा सम. उरतात २३.४६ सेंट. सेंट हे दोन स्वरांतलं अंतर मोजायचं माप; पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट असतात, म्हणजे जवळपास पाव हिस्सा. यालाच पायथागोरसचा कॉमा म्हणतात. तो कुठेतरी जिरवावाच लागतो. पेटी तो बारा पंचमांत वाटून टाकते, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन सेंट.

त्यामुळे पेटीच्या पंचमावर राग काढण्यात अर्थ नाही. सा २४० हर्ट्झ धरा : शुद्ध पंचम ३६०, पेटीचा ३५९.६. भांडायचंच तर गंधारावरून भांडा. शुद्ध ३००, पेटीचा ३०२.४. पेटीवर सा आणि ग एकदम दाबून कान द्या, सेकंदाला नऊ-साडेनऊ हेलकावे येतात, म्हणजे आवाज तितक्या वेळा वर-खाली होतो. जवारी (तारांचा घुमारा) नीट लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सा च्या, तारेतून जो गंधार आपोआप उमटतो, तो शुद्ध. त्याच्या शेजारी पेटीचा गंधार चढा वाटतो. भूप राग गाणाऱ्याला विचारा.

इंग्रजांचा कट? पेटी ज्यावर लावतात त्या बारा समान स्वरांचं गणित चीनच्या झू झाययू यांनी १५८४ मध्ये मांडलं. ईस्ट इंडिया कंपनी निघाली १६०० मध्ये. उलट १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी आली, तेव्हा तिथले मुख्य अधिकारी लायोनेल फिल्डन होते, इंग्रजच! आणि सांगलीच्या कृष्णाजी देवलांबरोबर श्रुतींची पेटी करण्याच्या खटपटीत असलेले क्लेमेंट्स हेही इंग्रजच, ब्रिटिश सरकारच्या सनदी सेवेतले (आयसीएस) अधिकारी.

राहिल्या समान श्रुती, म्हणजे सप्तकाचे २२ बारीक भाग. सप्तकाच्या १२०० सेंटांचे २२ सारखे भाग केले तर एक श्रुती साडेचोपन्न सेंटांची. नाट्यशास्त्रकार भरतांच्या हिशेबाने सा ते प तेरा श्रुती, म्हणजे ७०९ सेंट. शुद्ध पंचम ७०२. त्याच २४० च्या सा वर हा पंचम सेकंदाला तीन हेलकावे देईल, पेटीचा एकही पुरता देत नाही. पेटीला नावं ठेवणाऱ्याने तिच्याहून बेसूर पंचम ‘शुद्ध’ म्हणून पुढे पाठवावा, याला काय म्हणावं?

आपल्या गाण्यात कॉमा बोचत नाही याचं कारण साधं आहे : तंबोऱ्यावर एकच सा धरलेला असतो. गवई बारा पंचमांचा फेरा घालतच नाही, तर उरलेलं भरायचं कोणी? सा बदलत भटकणाऱ्या संगीताला ते भरावं लागतं.

मेसेज पाठवणाऱ्या काकांनी विचारलं, “मग भजनातून पेटी काढायची का रे?” काढायची नाही, काका. बुवा गंधारावर थांबले की मी त्या पट्टीवरचं बोट उचलतो आणि नुसता सा धरून बसतो.