मिली मॉडर्न असेल, पण मला ते दोघे भाऊच आठवतात

न्यू जर्सीला ताईकडे गेले होते तेव्हा भाचीच्या शाळेतलं नाटक बघितलं, 'थरोली मॉडर्न मिली'. टॅप डान्स, झालरींचे फ्रॉक, डोक्यात घर करणारी गाणी आणि पोरींना भरपूर कामं, त्यामुळे शाळांना हे म्युझिकल फार सोयीचं. भाचीच्या वाट्याला 'बन फू' आला होता. साहजिकच मी हिरॉइनला सोडून बन फूकडेच डोळे लावून बसले आणि नाटक भलतंच दिसायला लागलं.

गोष्ट 1922 ची. कॅन्ससमधल्या सलायना गावाची मिली न्यूयॉर्कला येते, परतीचं तिकीट फाडते, केस कापते आणि झाली फ्लॅपर, म्हणजे त्या काळातली बिनधास्त, फॅशनेबल पोरगी! आता बाईंची महत्त्वाकांक्षा ऐका: टायपिस्ट व्हायचं आणि साहेबाशी लग्न करायचं. अमेरिकेत बायकांना मताचा हक्क मिळून दोन वर्षं झालीत आणि ही साहेबाचं बोट रिकामं आहे का ते बघून नोकरी धरतेय. (डिक्टेशनच्या परीक्षेचा प्रवेश मात्र अफाट. गिल्बर्ट-सलिव्हन या जुन्या ब्रिटिश संगीतनाटकवाल्या जोडीच्या चालीवर सुसाट शब्द, श्वास घ्यायलाही जागा नाही.) शेवटी ती पैशावर पाणी सोडून फाटक्या जिमीला निवडते, तर तो निघतो करोडपती. तत्त्वही राहिलं, तिजोरीही आली. लेखकांना धीरच झाला नाही, दुसरं काय.

खरी धग आहे ती हॉटेलच्या धोबीखान्यात. हॉटेल चालवणारी मिसेस मीअर्स ही पडेल नटी, चिनी बाईचं सोंग घेऊन राहते आणि अनाथ मुली हेरून परदेशात विकते. तिच्या हाताखाली चिंग हो आणि बन फू हे दोघे चिनी भाऊ. का राबतात? तर हाँगकाँगहून आईला आणायचंय. 1967 च्या ज्युली अँड्र्यूजच्या सिनेमात या जोडगोळीला नावंही नव्हती, श्रेयनामावलीत नुसते क्रमांक! 2002 च्या ब्रॉडवे नाटकाने त्यांना नावं दिली, आई दिली, चिनी भाषेत संवाद आणि गाणं दिलं, वर पडद्यावर भाषांतर. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा टोनी हा ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार याच नाटकाला मिळाला. दुरुस्ती प्रामाणिक आहे, पण अर्धी. कारण मीअर्सच्या खोट्या चिनी उच्चारांवरच अजून टाळ्या पडतात. आमच्या प्रयोगातही पडल्या.

आणि हे दोघे पैसे साठवून आईला आणणार तरी कसे? चिनी मजुरांना अमेरिकेचं दार 1882 च्या कायद्याने बंद झालं होतं, ते 1943 पर्यंत. मजुराच्या आईला कोण आत घेणार? आपणही वेगळे नव्हतो बरं का. 1917 च्या कायद्याने भारतातून येणारेही अडवले आणि 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांना 'तुम्ही गोरे नाही' म्हणून नागरिकत्व नाकारलं. म्हणजे मीअर्स त्या पोरांना जे गाजर दाखवते, ते देणं तिच्या हातातच नाही. नाटकात हे कोणी बोलत नाही.

चिंग हो शेवटी मिलीच्या मैत्रिणीला, मिस डॉरथीला, जिंकतो. प्रेक्षक 'ऑऽऽ' करतात, मीही केलं. घरी येऊन वाचलं तर 1922 च्याच केबल कायद्यात असं कलम होतं, की नागरिक होण्यास अपात्र परदेशी माणसाशी लग्न केलं तर अमेरिकन बाईचंच नागरिकत्व जाणार. म्हणजे डॉरथीचं गेलंच असतं! अख्ख्या नाटकात सगळ्यात धाडसी लग्न तिचं, आणि नाव मात्र मिलीचं.

मध्यंतरात ताईला विचारलं, कशी वाटतेय मिली? ती म्हणाली, "अगं, आईच्या व्हिसाची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. तिला सगळे कागद नीट लावून दे तिकडे गेल्यावर."