समाधानी पेशंट कसे गोळा करावेत

तर तुम्हाला दातांच्या सेवेवर आणि पेशंटच्या समाधानावर संशोधन करायचंय. छान. फक्त एक पथ्य पाळा, क्लिनिकच्या दाराबाहेर पाऊल टाकू नका. बाहेर काय आहे म्हणता? डब्ल्यूएचओच्या २०२२च्या अहवालात आहे की जगात जवळपास ३५० कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे, आता एवढ्यांना कुठे शोधत बसणार, थिसिस जमा करायची तारीख जवळ आलीय. त्यापेक्षा वेटिंग रूममधे बसलेत तेच तुमचं सॅम्पल. आयते आलेत, बसलेत, पळून जाऊ शकत नाहीत.

फॉर्म कधी द्यायचा हे फार महत्त्वाचं. भूल उतरायच्या आत द्या. ओठ जड झालाय, तोंडात बोळा आहे, बोलता येत नाही, मान हलली की 'पूर्ण सहमत' वर टिक करा. आणि ज्या डॉक्टरने आत्ता दाढ काढली तोच शेजारी उभा राहून 'काही त्रास नाही ना झाला?' असं विचारत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण उरलेलं रूट कॅनल त्याच्याच हातात आहे हे पेशंटला पक्कं ठाऊक असतं.

प्रश्नही सोपे ठेवा. स्टाफ हसून बोलला का, खुर्ची आरामदायक होती का. दात वाचवता आला असता का, दुसरा काही पर्याय सांगितला का, खर्च आधी कळला का, असलं विचारू नका, उगाच माणूस विचारात पडतो आणि मग टिक करायचं विसरतो.

भीती मोजायची असेल तर कोरा नावाच्या माणसाने १९६९ मधे चार प्रश्नांची पट्टी करून ठेवलीय, ४ ते २० गुण, वापरून टाका. ती खुर्चीत येऊन बसलेल्यांनाच लावा म्हणजे भीती आटोक्यात निघेल, खरे घाबरलेले घरी लवंग दाबून बसलेत, ते आकडा बिघडवायला येणार नाहीत. (लवंगेला तुमच्या फॉर्ममधे रकाना नसतो, नसूच दे.)

दातांची अवस्था मोजायला डीएमएफटी नावाचा निर्देशांक आहेच, १९३८ पासून चालू आहे. किडलेला, किडीमुळे गेलेला, भरलेला, अशा प्रत्येक दाताला एक गुण. म्हणजे चार दात वेळेवर भरून घेतलेला आणि चार दात कुजवत बसलेला, दोघांचाही आकडा चारच! बेरीज तेवढी छापा, फोड करून दाखवलीत तर कोणाला उपचार मिळाले नि कोणाला नाही ते दिसायला लागतं.

गाईडने विचारलंच की दर सहा महिन्यांनी तपासणी कशाच्या आधारावर सांगता, तर विषय बदला. ब्रिटनमधे २३७२ लोकांवर चार वर्षं अभ्यास झाला आणि ज्यांना धोका कमी आहे त्यांना दोन वर्षांनी बोलावलं तरी हिरड्यांत महत्त्वाचा फरक दिसला नाही. पण बघा, तिथेही माणसं घेतली ती आदल्या दोन वर्षांत डेंटिस्टकडे जाऊन आलेलीच, म्हणजे या बाबतीत तुम्ही एकटे नाही आहात, हा दिलासा मानून घ्या. आणि ज्युलियन ट्युडर हार्ट नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १९७१ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की चांगल्या उपचारांची जिथे जास्त गरज तिथेच ते कमी मिळतात, ते प्रस्तावनेत टाका, भारदस्त दिसतं, फक्त निष्कर्षात परत त्याची आठवण काढू नका.

निष्कर्ष आधीच लिहून ठेवा, 'बहुतांश रुग्ण समाधानी, लोकांमधे जागृती वाढवायला हवी'. दार उघडं राहिलं आणि एखादा गाल सुजलेला माणूस काउंटरवर येऊन 'नुसती गोळी मिळेल का हो' असं विचारायला लागला तर त्याला फॉर्म देऊ नका. ट्रीटमेंट पूर्ण न झालेले निकषात बसत नाहीत. त्याला जरा बाजूला उभं राहायला सांगा, सर्व्हे चाललाय.